‘बाईंना सांगेन हं!’

संक्रांतीला दोन दिवस होते. गॅसवर गुळाचा पाक होता आणि मी वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून गोळी होतेय का ते बघत होते. आमच्याकडे वड्या मऊ लागतात. त्यामुळे गोळी झाली की पातेलं लगेच खाली उतरवायला हवं. क्षणभर जरी इकडेतिकडे झालं तरी वड्यांचे दगड होतात. नेमका त्याच वेळी फोन वाजला. पुण्याहून सूनबाईंचा होता.

“आई, चिनूनं दुपारपासून खोलीचं दार लावून घेतलंय. जेवलीसुद्धा नाही.”

झालं! पाक राहिला पाकाच्या जागी.

चिनू म्हणजे माझी नात. आठवीत आहे. सूनबाईंच्या मावसबहिणीचं डिसेंबरात लग्न झालं, त्यात हळदीच्या दिवशी सगळ्या पोरी मिळून नाचल्या, तशी हीही नाचली. कुणा हौशी भावानं त्याचं मोबाइलवर चित्रण केलं आणि टाकलं चारचौघांना दिसेल असं. ते चिनूच्या वर्गातल्या कुठल्याशा मुलीच्या आईनं पाहिलं आणि कर्तव्यबुद्धीनं वर्गशिक्षिकेकडे धाडलं. हल्ली प्रत्येक वर्गाच्या पालकांचा मोबाइलवर एक गट असतो. त्या गटावर बाईंनी लिहिलं, ‘आपल्या शाळेच्या विद्यार्थिनींनी अशा गाण्यांवर नाचून त्याचे प्रदर्शन करणे शाळेच्या शिस्तीत बसत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.’ नाव नव्हतं. पण नाव न घेता केलेला उल्लेख कुणाला कळत नाही, असं कधी झालंय का? दुसऱ्या दिवशी चिनूला स्नेहसंमेलनाच्या निवेदनातून काढलं. महिनाभर ते निवेदन तिनं आरशापुढे उभं राहून पाठ केलं होतं.

आता खरं सांगायचं तर हे सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? “पण तसल्या गाण्यावर नाचायचंच कशाला म्हणते मी!”

पलीकडे फोन मुलानं घेतला होता हे मला कळलंच नाही. तो अगदी शांतपणे म्हणाला, “आई, तू यात पडू नकोस. तू शाळेच्याच बाजूनं बोलणार, मला माहीत आहे.”

फोन ठेवला तेव्हा पाक पुढे गेला होता. तशाच थापल्या वड्या. पण मनात तेच वाक्य घोळत राहिलं. ‘तू शाळेच्याच बाजूनं बोलणार.’ हे तो पुण्याच्या शाळेबद्दल बोलत नव्हता. ते कशाबद्दल होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. चौतीस वर्षांत आम्ही मायलेकरांनी त्या गोष्टीचा एकदाही उच्चार केलेला नाही.

पण ती सांगण्याआधी माझी स्वतःची सांगते.

माझं माहेर कराडचं. १९७१ साली मी नववीत होते. सुट्टीला आलेला आतेभाऊ परत निघाला म्हणून त्याला सोडायला एस.टी. स्टँडवर गेले होते. वडील तिकिटाच्या रांगेत, आम्ही दोघं पिशव्या धरून बाकाजवळ. तो काहीतरी चेष्टा करत होता, मी हसत होते. एवढंच. आमच्या वर्गाच्या बाई तिथून चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं आणि भर वर्गात विचारलं, “काल संध्याकाळी स्टँडवर कुणाशी खिदळत होतीस?”

‘खिदळत’ हा शब्द त्या वयातल्या मुलीला किती लागतो ते ज्या उभ्या राहिल्यात त्यांनाच कळेल. “आतेभाऊ होता” असं मी म्हणाले, पण तोवर वर्ग हसला होता, आणि हसून झाल्यावर खरं सांगण्यात काय उरतं? पुढचे दोन महिने मला शाळेत सोडायला आणि आणायला धाकटा भाऊ यायचा. सहावीतलं पोर ते, चिंचा खात माझ्यापुढे चालायचं आणि माझी राखण करायचं!

आई हळदीकुंकवाचं निमित्त काढून बाईंकडे गेली आणि अदबीनं म्हणाली, “बाई, तो माझ्या नणंदेचा मुलगा होता हो. हिचे वडीलही तिथंच होते.” त्यावर बाई म्हणाल्या, “असेलही. पण बघणाऱ्याला कसं कळणार?”

आईकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही पुष्कळ वर्षं नव्हतं. मुलीच्या जातीला शाळेचं फाटक असं कुठं संपतच नसे. स्टँड, देऊळ, बाजार, जिथं बाई भेटतील तिथं शाळा. मुलगे मंडईत पत्ते कुटत बसले तर मास्तर दुरून निघून जायचे. आमची मात्र ओढणी, आमची वेणी, आमचं हसणं, सगळं हजेरीपुस्तकात.

आणि तरीही बाईंबद्दल मी वाईट बोलू शकत नाही. १९७४ साली मी अकरावी मॅट्रिक झाले. वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. एका रविवारी बाई स्वतः आमच्या घरी आल्या. पदर सावरून पाटावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “हिला कॉलेजात घाला. पैशाची अडचण असेल तर मला सांगा.” वडिलांनी आत्याचं ऐकलं नसतं, मामाचं ऐकलं नसतं, पण बाईंचं ऐकलं. मी बी.ए. झाले ती बाईंमुळे. ज्या अधिकारानं त्यांनी मला भर वर्गात खाली बघायला लावलं, त्याच अधिकारानं त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. एक नको आणि दुसरा हवा, असं म्हणायची सोय होती का मला? आजही मला हा हिशेब नीट मांडता येत नाही.

लग्न होऊन सांगलीला आले. १९७९ साली थोरला झाला. आमच्या घरापासून कृष्णेचा घाट दहा मिनिटांवर. सांगलीत मुलगा जन्मला की तो नदीवर जाणार, हे ठरलेलंच. मला मात्र त्या पाण्याची भीती. गल्लीतला एक मुलगा आदल्याच वर्षी बुडाला होता, त्याच्या आईचा टाहो मी ऐकला होता. ‘नदीवर जायचं नाही’ हे मी त्याला जेवताना, झोपताना, शाळेत जाताना सांगायची. आणि सांगून भागेना म्हणून पुढचं वाक्य ठेवणीतलं, “सरांना सांगेन हं!”

तुम्हीसुद्धा कधी ना कधी हे म्हटलंच असेल. दूध पीत नाही? बाईंना सांगेन. नखं कापत नाही? बाईंना सांगेन. आजीला उलट बोललास? थांब, उद्या येतेच शाळेत. बागुलबुवाचं वय संपलं की आपण मास्तरांना त्या जागी बसवतो. त्यांना न विचारता!

मी तर नुसतं म्हणून थांबले नाही. १९९२ साली एक मे रोजी झेंडावंदनानंतर सहावीचा निकाल लागला. पुढचं वर्ष सातवीचं, म्हणजे स्कॉलरशिपचं. तेव्हा ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. सातवीला येणारे सर मागच्याच गल्लीत राहायचे. शिकवायला फार चांगले, हाताला मात्र कडक. निकालाचा कागद हातात घेऊन मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, “सर, पोरगं तुमच्या ओटीत घातलंय. नदीवर दिसला तर सोडू नका. मारलंत तरी आमचं काही म्हणणं नाही.”

हे माझेच शब्द. सुट्टी लागली होती, शाळेला कुलूप होतं, आणि मी शाळा उचलून घाटावर नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी असेल. अंगणात कुरडयांचं वाळवण चाललं होतं. शेजारच्या चार बायका मदतीला होत्या, म्हणजे हात आणि तोंड दोन्ही चालू. तेवढ्यात फाटक वाजलं. सर होते आणि त्यांच्या हातात थोरल्याचा कान होता. अंगात फक्त ओली चड्डी, शर्ट खांद्यावर, पायांत काही नाही. मेमधली दुपारची डांबरी सडक! गालावर बोटं उठली होती. घाटावरून त्याला तसाच चालवत आणलं होतं, किराणा दुकानासमोरून, पिठाच्या गिरणीवरून, बर्फाचा गोळा खात उभ्या असलेल्या त्याच्या वर्गातल्या मुलींच्या समोरून. हे शेवटचं मला नंतर कळलं.

मी काय म्हणाले? “बरं केलंत सर. अजून दोन द्यायच्या होत्यात.”

बायका हसल्या. पोराच्या अंगाचं पाणी कुरडयांवर ठिबकत होतं, म्हणून वर मीच त्याच्यावर ओरडले. तो काही बोलला नाही. सरांकडे नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आत गेला. मी सरांना चहा केला.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरचे तात्या आले. सत्तरीचे, रोज पहाटे नदी पार करून येणारे. म्हणाले, “वहिनी, तुमचं पोरगं का येत नाही? चांगलं तयार होत आलं होतं. परवा त्याच्या पाठीचा डबा सोडणार होतो मी.”

म्हणजे तो चोरून डुंबायला जात नव्हता. तात्यांकडे पाठीला डबा बांधून रीतसर पोहायला शिकत होता. मला माहीत नव्हतं, कारण मला सांगण्याची सोयच मी ठेवली नव्हती. आणि सर? सरांनी त्याला विचारलंही नव्हतं. मी सांगून ठेवलं होतं ना, सोडू नका म्हणून!

त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, “जा हं उद्या तात्यांकडे.” तो म्हणाला, “नको.” सातवीला त्याला स्कॉलरशिप मिळाली. सरांच्याच शिकवण्यानं मिळाली, हेही सांगायला हवं. पण घरात येऊन ‘आई, आज ना...’ अशी सुरुवात तो करायचा, ती त्या उन्हाळ्यात थांबली ती थांबलीच. पुढे इंजिनिअर होणार हे ठरलं तेसुद्धा मला ह्यांच्याकडून कळलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमचं घर बुडालं, आम्हा दोघांना नावेतून काढलं. रस्ते बंद, त्यामुळे थोरल्याला पुण्याहून यायला चार दिवस लागले. ओसरलेल्या पाण्यातून, गुडघाभर चिखलातून तो घरात आला, जिन्याच्या ओल्या पायरीवर बसला आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, “रोज टी.व्ही.वर पाणी बघत होतो. वाटायचं, मी तिथं असतो तरी काय केलं असतं? मला कुठं पोहता येतं!” मी हातातला पोतेरा पिळत राहिले.

असो.

संक्रांतीच्या त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आमचे भावजी तिळगुळाला आले. ते वकिली करतात. त्यांना मी चिनूची हकीकत सांगितली आणि विचारलं, “मास्तरांचा अधिकार फाटकाबाहेर किती पावलं चालतो हो?”

भावजी खूश झाले. वकिलांना असलं काही विचारलं की जेवण थंड झालं तरी चालतं. म्हणाले, “वहिनी, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्लंडात १८९३ साली एक खटला झाला. शाळेच्या वाटेवर एका मुलानं दुसऱ्याला मारलं, म्हणून हेडमास्तरांनी छड्या दिल्या. पालक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, मास्तरांचा अधिकार शाळेच्या चार भिंतींपुरता नाही, येण्याजाण्याच्या वाटेवरही आहे. का? तर बापानं आपला अधिकार मुलाला शाळेत घालताना मास्तरांच्या हाती दिलेला असतो. पुढे १९२९ साली शाळा सुटल्यावर रस्त्यात सिगारेट ओढणाऱ्या मुलाला छड्या दिल्या, तेव्हाही कोर्टानं हेडमास्तरांचीच बाजू उचलून धरली.”

“म्हणजे अधिकार मास्तरांचा नसतोच,” मी म्हटलं, “आपणच दिलेला?”

“त्यांचा विचार तसा होता. आपल्याकडे आता तसं म्हणून चालायचं नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे तो. त्याच्या सतराव्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई आहे. करील त्याच्यावर खात्याची कारवाई. फाटकाच्या आत केलं की बाहेर, असा भेद त्या कलमात नाही. आणि एक लक्षात घ्या, आईबापांनी ‘मारलंत तरी चालेल’ म्हणून सांगितलं होतं, ही सबबही त्यात कुठं नाही.”

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

मग त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, ती मला चिनूसाठी लक्षात ठेवावीशी वाटली. तिथं चौदा वर्षांच्या एका मुलीची शाळेच्या नाचऱ्या चमूत, खेळाडूंना ओरडून उत्तेजन देणाऱ्या मुलींचा असतो तो, मोठ्या गटात निवड झाली नाही. शनिवारी एका दुकानात उभं राहून तिनं रागानं शाळेच्या नावानं शिवी लिहिली आणि बोट दाखवतानाचा फोटो मोबाइलवरून मैत्रिणींना पाठवला. शाळेनं तिला वर्षभर चमूतून काढलं. पोरीचे आईवडील थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ च्या जूनमध्ये निकाल मुलीच्या बाजूनं लागला. न्यायाधीश नऊ, त्यातले आठ तिच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं असं, की शाळेबाहेर मूल काय बोलतं ते बघायची जबाबदारी सहसा आईवडिलांची. शाळेनं चोवीस तास कान लावून बसायचं म्हटलं तर त्या मुलानं मोकळं बोलायचं कधी? पण दार त्यांनी अगदीच लावून घेतलं नाही. कुणी दुसऱ्या मुलाचा छळ करत असेल, कुणाला धमक्या देत असेल, तर शाळेला लक्ष घालता येईल.

शिवी दिलेल्या मुलीला एवढं, आणि आमची चिनू तर मावशीच्या हळदीत नाचली होती.

भावजी गेल्यावर मी विचार करत बसले. मनात पुनःपुन्हा घाट येत होता. समजा, तात्या नसते आणि थोरला खरोखरच खोल पाण्यात एकटा शिरला असता, तर सरांनी काय करायला हवं होतं? ओढूनच काढायला हवं होतं. त्याला मास्तर कशाला व्हायला हवं? केळीवाल्यानंही ओढलं असतं. पाण्यातून बाहेर काढेपर्यंत ते कुणाही मोठ्या माणसाचं काम. बाहेर काढल्यावर बाजारातून चालवत आणलं, तिथं सर मास्तर झाले होते. आणि साने गुरुजीही मास्तरच ना? अमळनेरच्या शाळेत असताना छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या केरकचऱ्यानं भरल्या की न बोलता स्वतः झाडून काढायचे म्हणतात. तेही वर्गाबाहेरच. पण सगळ्यांना कसं जमायचं ते? साठ-साठ पोरांच्या वर्गात!

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुण्याला गेले. ‘यात पडू नकोस’ म्हणाला होता, तरी गेले. चिनूनं दार उघडलं होतं, पण डोळे सुजलेले. सूनबाई म्हणाल्या, “आई, उद्या शाळेत बोलावलंय. तुम्हीही चला.” थोरला काही म्हणाला नाही.

मला वाटलं होतं बाई खाष्ट असतील. तशा नव्हत्या. पस्तिशीच्या, चष्मा लावलेल्या, टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग. थोरला नीट तयारी करून गेला होता. आवाज न चढवता म्हणाला, “मॅडम, कार्यक्रम आमच्या घरातला होता. सुट्टीचा दिवस होता. अंगावर शाळेचा गणवेश नव्हता. जे काही सांगायचं ते आम्हाला सांगायचं होतं. तुम्ही चाळीस घरांना सांगितलंत.”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गटावर लिहायला नको होतं. ते चुकलं. निवेदनातून काढलं तेही घाईनं झालं. पण मला एक सांगा, बाहेरचं सगळं आम्ही आपणहून बघतो असं वाटतं का तुम्हाला?” आणि त्यांनी मोबाइल उघडून आमच्यापुढे धरला. नावं झाकून धरली होती, निरोप तेवढे दिसत होते. ‘मॅडम, जेवताना त्रास देतो, वर्गात बोला.’ ‘मॅडम, क्लासला दांडी मारते, तुम्ही रागवा.’ ‘मॅडम, तिच्या मैत्रिणी कोण आहेत बघाल का?’ रात्री दहाला, रविवारी, दिवाळीत. बाई म्हणाल्या, “वर्गात एवढं शिकवायचं असतं आणि ही चाळीस घरं वेगळी सांभाळायची. एका आईनं मला तो नाच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मॅडम, काहीतरी करा.’ मी केलं.”

मग त्या जरा अडखळल्या. “हा एक तुमचाच आहे,” असं म्हणून त्यांनी झाकणारं बोट काढलं.

ऑगस्टमधला निरोप होता, सूनबाईंचा. ‘मॅडम, चिनू मोबाइल अजिबात सोडत नाही. काय काय बघते देव जाणे. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकते. प्लीज लक्ष ठेवा.’

सूनबाईंचा चेहरा पडला. थोरल्यानं बायकोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तसंच, कुरडयांच्या दिवशी पाहिलं होतं तसं. की मलाच तसं वाटलं?

बाईंनी विचारलं, “उद्या एखादी मुलगी मोबाइलवर काही भलतंच टाकते आणि ते माझ्या नजरेस पडतं. मी काय करू? डोळे मिटू?”

थोरला म्हणाला, “आम्हाला फोन करा. आम्हालाच.”

“आणि तुम्ही? मोबाइल सोडत नाही म्हणून मला कळवणार नाही?”

यावर कुणी लगेच बोललं नाही. शेवटी सूनबाईच म्हणाल्या, “नाही कळवणार.” ते त्यांना अवघड जाणार आहे, हे मला दिसत होतं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही गेलं असतं.

त्याच संध्याकाळी बाईंनी गटावर लिहिलं की आधीचा मजकूर लिहायला नको होता. निवेदन मात्र तोवर दुसऱ्या मुलीला दिलेलं होतं. बाई म्हणाल्या, अर्धं अर्धं करू. पण चिनू म्हणाली, “राहू दे, तिनंही पाठ केलंय आता.” संमेलनाच्या दिवशी ती प्रेक्षकांत बसली आणि मी ऐकलं, निवेदनाचा शब्द न शब्द ती ओठातल्या ओठात म्हणत होती.

मी परत निघाले तेव्हा थोरला मला स्टँडवर सोडायला आला. तिळाच्या वड्यांचा डबा त्याच्या हातात होता. एक वडी दाताखाली धरून म्हणाला, “आई, या वड्या फोडायला बत्ता लागेल.” मी म्हटलं, पाक पुढे गेला. तो हसला.

मग गाडी लागेपर्यंत बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, “सर आहेत का गं अजून?”

“नाहीत. दहाएक वर्षं झाली जाऊन.”

“चांगलं शिकवायचे.”

“हो.”

“त्या दिवशी तू त्यांना चहा केला होतास. आलं घालून. आत मला वास येत होता.”

मला आल्याचं आठवत नव्हतं.